साहेबापुढे बोलायचं ते आपणच

(कळवण येथे भरलेल्या जमीन-हक्क शिबिरात, कायद्याचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वतीने झालेलं भाषण. ज्या गावांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गावबैठकीत मोठ्याने वाचावं, आणि जिथे कळणार नाही तिथे थांबून विचारावं.)



अभोण्याकडून, कनाशीकडून, दळवटकडून, नांदुरीकडून आपण आलात. भात झोडायचं सोडून आलात, भाकरी बांधून आलात. त्यामुळे आम्ही फार लांबड लावणार नाही. पण एक गोष्ट नीट सांगायची आहे आणि तिला थोडा वेळ लागेल.

आज आम्ही आमच्याबद्दलच बोलणार आहोत. म्हणजे गावोगाव पिशवी घेऊन फिरणारे, सातबारे वाचणारे, अर्ज लिहून देणारे, तारखेला तुमच्या सोबत येणारे जे आम्ही कार्यकर्ते, त्यांच्याबद्दल. शहरातल्या शिबिरांत आम्हाला ‘पॅरालीगल’ म्हणतात. गावात कोणी ‘अर्धा वकील’ म्हणतं, कोणी ‘आपला वकील’. प्रेमाने म्हणता, हे आम्हाला कळतं. पण त्या नावामागून एक समजूत येते. केस आता ह्यांच्या हातात दिली, आता हेच बघतील, आपण फक्त अंगठा करायचा. ही समजूत जमिनीला धोक्याची आहे. ती का धोक्याची, आमचा उपयोग कुठवर आणि कुठून पुढे नाही, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

आपल्या जमिनीचे दोन कायदे तुम्ही आता नावाने ओळखता. पहिला, जमीन महसूल कायद्यातलं कलम ३६-अ. ते ६ जुलै १९७४ पासून लागू झालं. त्या दिवसापासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, गहाण द्यायची, खंडाने द्यायची, बक्षीस द्यायची, तर आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी पाहिजे. विक्री असेल तर सरकारची मंजुरीसुद्धा पाहिजे. परवानगीवाचून झालेला व्यवहार कायद्याला मान्य नाही.

दुसरा कायदा जमीन परत देण्याचा. १९७४ सालचा, आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आलेला. १ एप्रिल १९५७, म्हणजे कूळकायद्याचा कृषक दिन, तेव्हापासून ६ जुलै १९७४ च्या आधीपर्यंत जी जमीन आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेली, ती चौकशी करून मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायची, असं हा कायदा म्हणतो. अट अशी की ६ जुलै १९७४ पर्यंत त्या जमिनीवर शेती सोडून दुसरा वापर झालेला नसावा. आणि जमीन परत घेणाऱ्याने ती स्वतः कसायची.

आता मुद्दा. या दोन्ही कायद्यांत एक वेगळं कलम आहे. महसूल कायद्यात ते ३६-बब, जमीन परत देण्याच्या कायद्यात ९-अ. ते म्हणतं की या प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यापुढे, आयुक्तापुढे किंवा महसूल न्यायाधिकरणापुढे कोणत्याही बाजूने वकील उभा राहू शकत नाही. आपल्याही नाही आणि शेठच्याही नाही. पक्षकार अल्पवयीन असेल किंवा वेडा असेल तर पालक येऊ शकतो. आणखी काही कारणाने माणूस असमर्थ असेल तर त्याने नेमलेला माणूस येऊ शकतो. बाकी सगळ्यांनी आपलं आपण बोलायचं.

या कलमाविरुद्ध आणि सबंध कायद्याविरुद्ध जमीनवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र सरकार, असा तो खटला. ४ डिसेंबर १९८४ ला निकाल लागला. न्यायालयाने कायदा उचलून धरला, आणि वकिलाला बाहेर ठेवणारं कलमही उचलून धरलं. प्रत्येक ठिकाणी वकील देता आलाच पाहिजे असा काही मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं.

वकिलाला बाहेर का ठेवलं? कारण सरळ आहे. शेठला वकील परवडतो, आपल्याला परवडत नाही. शेठचा वकील तारखा घेणार, हरकती काढणार, आणि आपण दर वेळी रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून, भिंतीला टेकून बसणार. तीन-चार तारखांत माणूस दमून जातो. म्हणून कायद्याने ठरवलं की दोघांनीही आपल्या तोंडाने बोलावं आणि साहेबाने चौकशी करावी.

कागदावर ही बरोबरी झाली. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही रोज बघता. शेठ खोलीत एकटा येतो हे खरं, पण त्याचा वकील समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला असतो. शेठच्या हातातलं लेखी म्हणणं त्यानेच लिहिलेलं असतं. कोणत्या प्रश्नाला काय सांगायचं हे त्याने आदल्या दिवशी पढवलेलं असतं. कारकुनाशी शेठची ओळख असते. आणि आपला माणूस त्या कचेरीत आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला असतो.

ही जी दरी आहे, ती भरायला आम्ही आहोत. आमची जागा तेवढीच.

मग आम्ही काय करू शकतो?

एक, कागद. तलाठ्याकडून जुने सातबारे, फेरफाराच्या नकला, खातेउतारा काढायला आम्ही तुमच्यासोबत येऊ. जमीन शेठच्या नावावर कोणत्या फेरफाराने गेली, त्याचा नंबर काय, तारीख काय, तो कशाच्या आधारे झाला, हे आम्ही वाचून सांगू. पीकपाहणीच्या रकान्यात कोणत्या वर्षापर्यंत तुमच्या बापाचं नाव होतं ते दाखवू. जातीच्या दाखल्याचा अर्ज लिहून देऊ. वारसाची नोंद राहिली असेल तर ती आधी करून घेऊ, कारण नवरा गेला आणि बाईचं नाव लागलंच नाही, अशी प्रकरणं आपल्याकडे फार आहेत.

दोन, हिशोब. जमीन परत घेताना सर्वसाधारणपणे आकाराच्या ४८ पट रक्कम भरावी लागते. सातबाऱ्यावर आकार ३ रुपये २५ पैसे असेल तर ते होतात १५६ रुपये. एकदम नाही जमलं तर १२ वार्षिक हप्त्यांपर्यंत सवलत मिळते, म्हणजे वर्षाला १३ रुपये, आणि वर साडेचार टक्के सरळ व्याज. एवढ्या पैशाला कोणी घाबरू नये. खरी मेख पुढे आहे. शेठने जमिनीत काही सुधारणा केली असेल, विहीर खोदली असेल, ताल घातली असेल, तर तिची किंमतही द्यावी लागते. ती किंमत साहेब ठरवतो आणि शेठ ती फुगवून सांगतो. विहीर तुमच्या आज्याने खोदली असेल तर ते सांगायला तुम्ही पंचनाम्याच्या दिवशी शेतात हजर पाहिजे. त्या दिवशी आम्ही सोबत येऊ.

तीन, तयारी. तारखेच्या आधी गावात बसून आपण सराव करू. आमच्यापैकी एक जण साहेब होईल, एक जण शेठ होईल. साहेब काय विचारतो ते आता आम्हाला पाठ झालं आहे. जमीन कोणाची होती? तुमच्याकडे कशी आली? शेठकडे केव्हा गेली? का गेली? पैसे किती मिळाले? कागद केला का? तेव्हा कोण हजर होतं? आज कोण कसतं? परत मिळाली तर स्वतः कसाल का? पैसे भराल का? हे प्रश्न आम्ही तुम्हाला दहा वेळा विचारू, म्हणजे अकराव्या वेळी साहेबाने विचारले तर छाती धडधडणार नाही. उत्तरं मात्र आम्ही शिकवणार नाही.

ते का, हे नीट ऐका, कारण सगळ्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे.

‘जमीन शेठला दिली,’ असं आपल्यातला माणूस म्हणतो. आता ‘दिली’ म्हणजे काय? बी-बियाण्याला पैसे घेतले आणि दोन साल पिकवायला दिली, तरी आपण म्हणतो दिली. गहाण टाकली तरी दिली. लग्नाच्या कर्जापोटी शेठने ओढून घेतली तरी दिली. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि पुढे त्याचं खरेदीखत झालं, तरीही दिलीच. लिहिणारा कारकून ‘दिली’ ऐकतो आणि ‘विकली’ लिहितो. मग पुढे पंधरा वर्षं त्या एका शब्दाशी भांडत बसावं लागतं.

तुमच्या ‘दिली’त काय काय होतं, हे आम्हाला माहीत नाही. आम्ही त्या वेळी तिथे नव्हतो. तुमच्या ओसरीवर शेठ आला तेव्हा तो काय बोलला, धान्य किती मापलं, घरात कोण आजारी होतं, हे तुम्हाला माहीत. आम्ही तुमच्या वतीने बोललो तर कागदात आहे तेवढंच बोलू. आणि कागद तर शेठनेच करून घेतलेला आहे.

दुसरं उदाहरण तारखेचं. या कायद्यात तारखेला फार किंमत आहे. १९५७ च्या एप्रिलआधी गेलेली जमीन जमीन-परतीच्या कायद्यात बसत नाही, आणि ६ जुलै १९७४ पासून पुढे गेलेली ३६-अ खाली येते. आपल्या म्हाताऱ्या माणसाला साल सांगता येत नाही. म्हणून काही उत्साही पोरं काय करतात, साल पाठ करून घेतात. ‘काका, १९६५ म्हणा.’ काका १९६५ म्हणतो. साहेब विचारतो, तेव्हा तुमचा थोरला मुलगा केवढा होता? काका म्हणतो, जन्मला नव्हता. पुढे मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९६१ निघतं. झालं. आता काकाचा एकही शब्द कोणी खरा धरणार नाही, खरे होते ते सुद्धा.

त्यापेक्षा काकाला त्याच्या पद्धतीने सांगू द्या. ‘मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधी चार पावसाळे.’ मोठा दुष्काळ १९७२ चा, हे साहेबालाही माहीत आहे. ‘मुंबई आपल्याला मिळाली, महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या साली.’ महाराष्ट्र झाला तो १९६० साली. ‘पोरगी पाळण्यात होती.’ पोरीचा दाखला काढता येतो. अशी खूण सांगितली की ती पक्की बसते, कितीही उलटसुलट विचारलं तरी हलत नाही, कारण ती काकाची स्वतःची आठवण आहे. आमचं काम त्या आठवणीच्या बाजूला कागद लावून बघण्याचं. फेरफाराची तारीख आणि काकाची खूण जुळते का, नसेल जुळत तर का नाही, हे तारखेच्या आधी गावात बघायचं.

आणखी एक. आपलं प्रकरण इथे संपत नाही. निकाल आपल्या बाजूने लागला की शेठ अपिलात जातो, महसूल न्यायाधिकरणात. तिथेही वकील नाही. पण तिथून तो मुंबईला उच्च न्यायालयात गेला, तर तिथे ही बंदी चालत नाही. तिथे तो मोठा वकील उभा करील. आणि तो वकील काय वाचणार? तर इथल्या कचेरीत पहिल्या दिवशी तुमचा जो जबाब लिहिला गेला तोच. वरचे साहेब तुमच्या गावाला येऊन तुम्हाला पुन्हा विचारत नाहीत. म्हणून पहिला जबाब तुमचा, तुमच्या शब्दांत आणि खरा पाहिजे.

काल रात्री जेवणानंतर एका आजीने आम्हाला सरळ विचारलं. ‘बाबा, तुम्ही म्हणता ते खरं. पण साहेब खेकसला की माझी वाचाच जाते. तुम्ही शिकलेले. तुम्हीच का नाही बोलत?’

आजीचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. ती भीती खरी आहे. पिढ्यान् पिढ्या कचेरी म्हणजे दंड, फॉरेस्ट म्हणजे मार, कागद म्हणजे जमीन जाणार, हेच आपण पाहिलं. ती एका शिबिराने जात नाही.

पण आजीला आम्ही जे सांगितलं ते इथेही सांगतो. पहिली गोष्ट, आम्हाला तिथे बोलायचा हक्क नाही. आम्ही वकील नाही, म्हणून कायद्याची बंदी आम्हाला अक्षरशः लागत नाही, असं कोणी म्हणेल. साहेबाने ठरवलं तर एखाद्या प्रकरणात वकील नसलेल्या माणसालाही तो बोलू देऊ शकतो. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ३२ तसं म्हणतं. १९७८ साली हरिशंकर रस्तोगी याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की मित्राला आपल्या वतीने बोलू द्यावं ही विनंती करता येते. परवानगी द्यायची की नाही ते न्यायालय ठरवतं, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. म्हणजे ती मेहेरबानी आहे, हक्क नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आज आम्ही ‘आम्हाला बोलू द्या’ म्हणून दार उघडलं, तर उद्या त्याच दारातून शेठ आपला माणूस आत आणील. वकिलाचा कारकून आणील, पुतण्या म्हणून शिकलेला एखादा आणील. तो आमच्यापेक्षा दहा पट चांगलं बोलेल. जे कलम आपल्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकलं, ते आपणच आपल्या हाताने पोकळ का करायचं?

मात्र भाषेची अडचण असेल तर ती सांगता येते. आपली कोकणी बोली, भिलांची बोली साहेबाला कळत नसेल, तर ‘दुभाषा म्हणून या माणसाला बसू द्या’ असा लेखी अर्ज तुम्ही करा, आम्ही बसू. तेव्हा आम्ही तुमचे शब्द इकडून तिकडे नेऊ, पदरचा एकही शब्द घालणार नाही. कानाने कमी ऐकू येत असेल, चालवत नसेल, तर तेही अर्जात लिहू.

आणि आजी, भीतीवर एक उपाय आहे. तीन वाक्यं पाठ करा. प्रश्न कळला नाही तर म्हणा, ‘साहेब, समजलं नाही, परत सांगा.’ जबाब लिहून झाला की म्हणा, ‘मला वाचून दाखवा.’ वाचल्यावर चुकीचं असेल तर म्हणा, ‘असं मी बोलले नाही, दुरुस्त करा.’ जबाब मराठीतच लिहायचा असतो, त्यामुळे वाचल्यावर तो आपल्याला समजेल. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा करायचा नाही. साहेब खेकसला तरी ही तीन वाक्यं बोलण्यात काही गुन्हा नाही. काल रात्री आजीने ती वीस वेळा म्हटली, आणि शेवटी आमच्यातल्या ‘साहेबा’वर तीच खेकसली.

आता आम्ही काय करणार नाही ते सांगतो. हे नव्या पोरांनीही ऐकावं, जे उद्यापासून पिशवी घेऊन फिरणार आहेत.

आम्ही फी घेणार नाही. एसटीचं भाडं आणि नकलांचा खर्च गावाच्या वहीत लिहायचा, सगळ्यांसमोर. कोणी ‘साहेबाला द्यायला’ म्हणून पैसे मागितले, तर तो कोणीही असो, त्याचं नाव बैठकीत सांगा.

तुमचे मूळ कागद आम्ही ठेवणार नाही. नक्कल आमच्याकडे, अस्सल तुमच्या पत्र्याच्या पेटीत.

कोऱ्या कागदावर आम्ही अंगठा घेणार नाही. शेठने ज्या रीतीने जमीन नेली, त्याच रीतीने ती परत आणता येणार नाही.

तुमच्या वतीने आम्ही तडजोड करणार नाही. शेठ म्हणेल, अर्धी जमीन घ्या आणि अर्ज काढून घ्या. कधी तो हे आमच्या कानात म्हणेल. आम्ही ते तुमच्यापर्यंत आणू, घरातल्या बायांसमोर सांगू, त्यातला धोका सांगू. हो की नाही ते तुम्ही म्हणायचं.

आणि ‘केस नक्की जिंकणार’ असं आम्ही कधी म्हणणार नाही. जो म्हणेल त्याच्यापासून दूर राहा.

सावडीला माणूस आला की तो आपल्याबरोबर राबतो, पण कोणत्या तुकड्यात काय पेरायचं हे शेतवाला सांगतो. आम्ही तसे सावडीला आलेले आहोत.

आता आमच्या पलीकडची कामं. इथे कार्यकर्ता पुरत नाही, वकीलच लागतो, आणि ते वेळेवर सांगणं हेही आमचं कामच आहे.

पोलिसांनी पकडलं तर वकील. घटनेच्या कलम २२ ने पकडलेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क दिला आहे. चॅप्टर केस झाली, म्हणजे बाँड मागितला, तरी वकील. फॉरेस्टने केस घातली तर वकील, आणि तिथे दंडाची पावती फाडली असेल तर ती जपून ठेवा, ती जमीन तुम्ही त्या साली कसत होतात याचा पुरावा होऊ शकते.

शेठने दिवाणी कोर्टात दावा लावला तरी वकील. आमच्यापैकी कोणी म्हणेल की या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. जे प्रश्न जिल्हाधिकाऱ्याने ठरवायचे त्यात दिवाणी कोर्टाने पडायचं नाही, असं कायद्यात आहे हे खरं. पण ते कोर्टात जाऊन सांगावं लागतं. नोटीस घेऊन घरी बसलात तर एकतर्फी मनाई हुकूम होईल. उच्च न्यायालयात तर वकील पाहिजेच.

पैसे नसतील तर मोफत कायदा मदत मागा. १९७६ साली घटनेत कलम ३९-अ घातलं गेलं. गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये म्हणून सरकारने मोफत मदत द्यावी, असं ते म्हणतं. त्याचा अर्ज आम्ही लिहून देऊ. मात्र वकील मिळाला म्हणजे आपण सुटलो असं समजू नका. त्यालाही ‘दिली’ म्हणजे काय ते तुम्हीच सांगायचं आहे.

शेवटी, निकालाबद्दल. निकालाची प्रत हातात पडली की त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. विरुद्ध गेला असेल तर अपिलाला त्या दिवसापासून ६० दिवस आहेत. ६० दिवस म्हणजे दोन महिने, आणि पेरणीच्या दिवसांत दोन महिने कधी गेले ते कळत नाही. म्हणून त्याच आठवड्यात आमच्याकडे या.

निकाल आपल्या बाजूने लागला तर लगेच बैल घेऊन शेतात घुसू नका. आधी ताबा सरकारी माणसाने द्यायचा, ताबापावती घ्यायची. त्याआधी घुसलात तर घुसखोरीची केस होईल आणि शेठला तेच पाहिजे असतं. ताब्यानंतर फेरफार करून घ्या, पुढच्या वर्षीच्या सातबाऱ्यावर नाव आलं का ते बघा. हप्ते भरा, पावत्या जपा. आणि ती जमीन पुन्हा शेठला ‘दोन साल पिकवायला’ देऊ नका. बैल नाही, बी नाही म्हणून जमीन पुन्हा त्याच दारात जाते. ती अडचण कोर्टाची नाही, आमच्या पिशवीतही तिचा कागद नाही. ती गावाने मिळून सोडवायची आहे. ज्याला जमीन परत मिळाली त्याला पहिल्या साली सगळ्या पाड्याने नांगर द्यावा, हे इथे बसलेल्या गावांनी ठरवावं.

आता कामाचं. प्रत्येक गावाने दोन माणसं द्यायची, त्यात एक बाई पाहिजेच. त्यांना आम्ही सातबारा आणि फेरफार वाचायला शिकवू. अक्षरओळख थोडी असली तरी चालेल. ज्यांच्या तारखा लागल्या आहेत त्यांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी कागद घेऊन यावं, आणि सोबत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणावं. कागद आम्ही वाचू. बाकीचं त्या माणसाकडून ऐकायचं आहे.

जिंदाबाद!